मॅक्रो न शिकता थेट डीफायचा कोर्स घेतला तर चालेल का?

मुळाक्षर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बी.कॉम., बी.एस्सी. आयटी किंवा इंजिनिअरिंग झालेल्या माणसाला विकेंद्रित वित्त, म्हणजे डीफाय (बँकेऐवजी ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅमांनी, म्हणजे प्रोटोकॉलनी, चालणारी कर्जं आणि अदलाबदल), नीट शिकायचंय. त्याने आधी स्थूल अर्थशास्त्राचा (पुढे नुसतं 'मॅक्रो') सेमिस्टरभराचा कोर्स करावा, की थेट डीफायला हात घालावा? एक गट म्हणतो, आयएस-एलएमच्या (उत्पन्न-व्याजदराचं पाठ्यपुस्तकी प्रारूप) रेघा मारून युनिस्वॅप (टोकन अदलाबदलीचा डीफाय बाजार) कळत नाही. दुसरा म्हणतो, मॅक्रोशिवाय डीफाय म्हणजे नुसती बटणं दाबणं.

समोर असलेले पर्याय: ड्यूक विद्यापीठाच्या कॅम्पबेल हार्वे यांची कोर्सेरावरची चार कोर्सांची मालिका, बर्कलीचा २०२१चा डीफाय मूक (खुला ऑनलाइन कोर्स), एमआयटीमधला गॅरी गेन्सलर यांचा २०१८चा 'ब्लॉकचेन अँड मनी', पेरी मेहरलिंग यांचा 'इकॉनॉमिक्स ऑफ मनी अँड बँकिंग', आणि एनपीटीईएलवरचा आयआयटी खरगपूरचा ब्लॉकचेनचा कोर्स. आठवड्याला ८ तास, सहा महिने असा हिशेब धरून क्रम सुचवा.

'कुठलं कॉइन घेऊ' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

#१ रोखठोक

८ गुणिले २६ म्हणजे २०८ तास. तेवढ्यात दोन्ही होतं. धागा बंद करा. :)

#२ खडूफळा

रोखठोक, तास पुरतील हो, पण कुठलं मॅक्रो? विद्यापीठाच्या नेहमीच्या पेपरात राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी, उपभोग फलन, आयएस-एलएम, फिलिप्स वक्र, सोलोचं प्रारूप आणि शेवटच्या युनिटात घाईघाईने उरकलेलं मंडेल-फ्लेमिंग (खुल्या अर्थव्यवस्थेचं प्रारूप), असा ऐवज असतो. यातलं निम्मं बाजूला ठेवलं तरी डीफायवाल्याचं अडत नाही. सोलो तर अजिबात लागत नाही. लागतात चार गोष्टी: पैसा निर्माण कसा होतो, व्याजदर कोण ठरवतं, विनिमयदर बांधून कसा ठेवतात, आणि ठेवीदारांची झुंबड का उडते.

नेमका पहिलाच धडा बऱ्याच ठिकाणी उलटा शिकवतात. सीआरआर (बँकेने रिझर्व्ह बँकेत ठेवायचा ठेवींचा वाटा) समजा ४ टक्के, म्हणून १ भागिले ०.०४, म्हणजे १०० रुपयांच्या राखीव निधीतून २५०० रुपये. मग लोकांच्या हातातली रोकड धरली की सूत्र होतं (१ + रोकड गुणोत्तर) भागिले (रोकड गुणोत्तर + राखीव गुणोत्तर). रोकड गुणोत्तर ०.१५ धरलं तर १.१५ भागिले ०.१९, म्हणजे साधारण ६. आपल्याकडचा आकडाही त्याच्याच आसपास असतो. म्हणजे सूत्र चुकत नाही, कार्यकारणाचा बाण चुकतो. बँक आधी कर्ज देते, त्याच क्षणी कर्जदाराच्या खात्यात ठेव लिहिली जाते, आणि राखीव निधीची जुळवाजुळव मागाहून होते. बँक ऑफ इंग्लंडने २०१४च्या तिमाही पत्रिकेत हे स्वच्छ लिहून टाकलं. हा बाण ज्याच्या डोक्यात सरळ नाही त्याला मेकर (गहाणावर डाय हे डॉलरला बांधलेलं टोकन देणारा प्रोटोकॉल) आणि आवे (ठेवी घेऊन कर्ज देणारा) यांतला फरक कधीच कळत नाही. (त्यावर पुढे लिहितो.)

म्हणून माझं मत: मॅक्रो आधी, पण मेहरलिंगचं. ते ताळेबंदावरून शिकवतात, वक्रांवरून नाही. पैशाच्या चार किमती ही त्यांची मांडणी डीफायला चपखल बसते. एका प्रकारचा पैसा दुसऱ्याशी समान दराने बदलला जातो का (पार), आजचा पैसा उद्याच्या पैशाशी (व्याज), देशी पैसा परदेशी पैशाशी (विनिमयदर), आणि पैसा वस्तूंशी (किंमतपातळी). कुठलाही प्रोटोकॉल घ्या आणि विचारा, हा यांपैकी कुठली किंमत सांभाळतोय? स्टेबलकॉइन (डॉलरला बांधलेलं टोकन) पार सांभाळतं, आवे-कंपाउंड (दोन्ही कर्जाचे प्रोटोकॉल) व्याज, युनिस्वॅप विनिमयदर. चौथा रकाना रिकामा राहतो. डीफायमध्ये सगळे डॉलरमध्येच मोजतात, त्याची स्वतःची किंमतपातळी नाहीच.

#३ काटकसर

खडूफळा, मांडणी छान, पण क्रम पटला नाही. ताळेबंद समजायला ताळेबंदात काय घडतं ते आधी दिसायला हवं. युनिस्वॅपची दुसरी आवृत्ती अर्ध्या तासात कागदावर होते, आणि त्यातून भूक लागते.

क्ष गुणिले य = स्थिर. कुंडात (दोन टोकनांच्या सामायिक साठ्यात) १०० ईथर (इथेरियम साखळीचं नाणं) आणि २,००,००० यूएसडीसी (एक स्टेबलकॉइन). गुणाकार २ कोटी. भाव २०००. आता १० ईथर बाहेर काढायचे. उरले ९०, तर दुसरी बाजू २,००,००,००० भागिले ९० म्हणजे २,२२,२२२ हवी. म्हणजे २२,२२२ यूएसडीसी भरा. सरासरी २२२२ पडला, भावापेक्षा ११ टक्के महाग, आणि कुंडातला नवा भाव २४६९. शुल्क ०.३ टक्के, ते आत येणाऱ्या रकमेतून जातं, म्हणून २२,२२२ भागिले ०.९९७, प्रत्यक्षात २२,२८९ भरावे लागतात. हे करायला फिलिप्स वक्र कुठे लागला?

ड्यूकची मालिका इथेच बरी पडते. पायाभूत रचना, मूळ घटक, प्रोटोकॉलची चिरफाड, आणि संधी-जोखीम असे चार भाग. कोडिंग येत नसलं तरी चालतं.

#४ सांजवात

१० ईथर घ्यायला गेलं आणि ११ टक्के महाग पडलं. मंडईत शेवटची पेटी उचलताना पण हेच होतं, तिथे शुल्क नसतं एवढंच.

#५ वजाबाकी

काटकसर, गणित बरोबर. फक्त त्या ११ टक्क्यांना विद्यार्थी 'स्लिपेज' म्हणून मोकळे होतात. तो तुमच्याच सौद्याने भावावर केलेला परिणाम आहे, सौदा टाकण्याआधी कागदावर काढता येतो. स्लिपेज म्हणजे सौदा पाठवल्यापासून ब्लॉकमध्ये (साखळीच्या नोंदीत) शिरेपर्यंत दुसऱ्यांच्या सौद्यांमुळे सरकलेला भाव. सहनमर्यादा (भाव किती सरकला तरी सौदा चालेल ती) ५ टक्के ठेवली की मध्येच कुणीतरी आधी घेऊन नंतर विकून ते ५ टक्के खाऊन जातं. दोन्ही एकच समजलं की ती मर्यादा कशासाठी असते तेच कळत नाही.

दुसरी बाजूही त्याच कुंडावर बघून घ्या. भाव २००० वरून ८००० झाला. कुंडात आता ५० ईथर आणि ४,००,००० यूएसडीसी (५० गुणिले ४ लाख = २ कोटी, जुळलं). एकूण किंमत ८ लाख. कुंडात न टाकता घरी ठेवले असते तर १०० गुणिले ८००० अधिक २ लाख = १० लाख. २० टक्क्यांची खोट. भाव दुप्पट झाला तर ही खोट ५.७ टक्के, आणि निम्मा झाला तरी तेवढीच. याला 'तात्पुरता तोटा' म्हणतात, पण भाव परत फिरला नाही तर तो कायमचाच. शुल्कातून तो भरून निघतो का, हा खरा प्रश्न, आणि परीक्षेत तोच विचारत नाहीत.

#६ रोखठोक

इथवर मॅक्रो कुठेच आलं नाही, याची नोंद घ्यावी.

#७ खडूफळा

येतं आता. युनिस्वॅप मुळात सूक्ष्म अर्थशास्त्रच आहे, त्यावर वाद नाही. कर्जाकडे वळा.

आवेमध्ये तुम्ही १०० यूएसडीसी ठेवले आणि दुसऱ्याने ८० उचलले, तर यूएसडीसी तेवढेच राहिले, हात बदलले. हे गोदाम झालं. मेकरमध्ये ईथर गहाण टाकून १००० डाय उचलले तर ते डाय आधी अस्तित्वातच नव्हते. कर्ज लिहिलं आणि पैसा जन्मला. मेकरच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला कर्ज १०००, देण्यांच्या बाजूला डाय १०००. हुबेहूब बँक. म्हणून 'डीफायमध्ये फ्रॅक्शनल रिझर्व्ह (राखीव निधीच्या कैक पट पैसा उभा करणं) नसतं' हे वाक्य आवेबद्दल एका अर्थाने खरं, आणि मेकरबद्दल गैरलागू.

मग प्रश्न पडतो, या बँकेला व्याजदर कुठे ठेवायचा? डाय डॉलरला बांधलेला, भांडवल मोकळं. मंडेल-फ्लेमिंगमधला अशक्य त्रिकोण: विनिमयदर बांधलात, भांडवल मोकळं सोडलंत, तर व्याजदर तुमच्या हातात राहत नाही. २०१९च्या सुरुवातीला डाय डॉलरखाली रेंगाळत होता. फेब्रुवारी ते मे या काळात मतदान घेऊन घेऊन मेकरचं स्थिरता शुल्क (कर्जावरचं व्याज) अर्ध्या टक्क्यावरून १९.५ टक्क्यांवर नेलं. कर्ज महाग केलं की लोक डाय परत करतात, पुरवठा आटतो, भाव वर येतो. १६ सप्टेंबर १९९२ला पौंड वाचवायला बँक ऑफ इंग्लंडने दर १० वरून १२ केला आणि १५ जाहीर केला, तोच हा डाव. तिथे एका दिवसात हरले, इथे तीन महिने लागले आणि निभावलं.

डिसेंबर २०२०मध्ये मेकरने एक खिडकी उघडली: यूएसडीसी द्या, तितकेच डाय घ्या, आणि उलटही. आता डॉलरशी बांधलेली खुंटी व्याजदराने नाही, राखीव साठ्याने धरली जाते. म्हणजे करन्सी बोर्ड (चलनामागे तेवढाच परकीय साठा ठेवणारी व्यवस्था). खुंटी धरायच्या कामातून व्याजदर मोकळा झाला, पण त्याची किंमत मोजावी लागली.

डीफायच्या कोर्सात हे दोन वेगवेगळे 'अपग्रेड' म्हणून येतात. मॅक्रो झालेल्याला तो राजवटबदल दिसतो.

#८ पैपैसा

खडूफळा, 'आवे म्हणजे गोदाम' हे फार सरळसोट झालं. ठेव ठेवल्यावर जी पावती-टोकन मिळते ती हस्तांतरणीय असते, दुसरीकडे तारण म्हणून चालते. गोदामाची पावती बाजारात पैशासारखी फिरायला लागली की ते गोदाम राहतं का? सराफांच्या पावत्यांपासून बँका उभ्या राहिल्या त्या अशाच.

#९ खडूफळा

मान्य. 'गोदाम, जोवर पावती घरात आहे तोवर' असं वाचा.

#१० वजाबाकी

त्या गोदामातला व्याजाचा नियम पण बघा, कारण तिथे मध्यवर्ती बँकच नाही. वापराचं प्रमाण, म्हणजे उचललेलं भागिले एकूण ठेव, त्यावर दर ठरतो. मध्ये एक कोपरा असतो. उदाहरणादाखल: वापर ८० टक्के होईपर्यंत दर ० ते ४ टक्के सरळ चढतो, पुढच्या २० टक्क्यांत आणखी ७५ टक्के चढतो. वापर ८० असताना कर्जदाराला ४ टक्के. राखीव वाटा १० टक्के काढला तर ठेवीदाराला ४ गुणिले ०.८ गुणिले ०.९ = २.८८ टक्के. वापर ९० झाला की कर्ज ४१.५ टक्क्यांवर. १०० झाला तर ७९, आणि ठेवीदाराला पैसे काढताच येत नाहीत, कारण कुंडात काही उरलेलंच नाही.

हा कडा मुद्दाम आहे. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत दर वर पळायला लागला की बँका सीमांत स्थायी सुविधेतून (रिझर्व्ह बँकेकडून ठरलेल्या दराने) उचलतात, तिथे छत आहे. इथे छत नाही म्हणून दरालाच चाबूक केलंय. डायमंड-डिबविग यांचं १९८३चं बँकेवरच्या झुंबडीचं प्रारूप वाचून हा आलेख बघा (दोघांना २०२२चं नोबेल बर्नान्कींबरोबर मिळालं), मग ७५चा चढ कुणीतरी उगाच टाकलेला वाटत नाही.

#११ चिंचपेटी

अवांतर: या सगळ्याला मराठीत शब्द आहेत की. तारण, गहाण, गहाण बुडणं, लिलाव, दंडव्याज. 'लिक्विडेशन' ऐकून घाबरणारी मुलं 'गहाण बुडालं' म्हटलं की लगेच समजतील.

#१२ पैपैसा

चिंचपेटीताई, अजिबात अवांतर नाही. सोनेतारण कर्जाशेजारी मेकर ठेवा. सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज, ही मर्यादा आपल्याकडे बरीच वर्षं होती. मेकरमध्ये तेव्हा ईथरला १५० टक्के तारण लागायचं, म्हणजे उलटं करून ६६.६७ टक्के. आकडे जवळजवळ सारखे. फरक लिलावात आहे. वित्तसंस्थेला लिलावाआधी नोटीस द्यावी लागते, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मेकरच्या लिलावात २०२०च्या मार्चपर्यंत शेवटच्या बोलीनंतर १० मिनिटं वाट बघायची, संपलं.

१२ मार्च २०२०. ईथर एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त आपटलं. एक तिजोरी (मेकरमधलं गहाण-खातं) कल्पून हिशेब करू: १० ईथर, भाव २००, उचललेले डाय १०००. बुडायचा भाव = १००० गुणिले १.५ भागिले १० = १५०. एरवी काय व्हायला हवं? १३ टक्के दंड धरून देणं ११३०. १५०च्या भावाने ७.५३ ईथर विकले जातील, २.४७ परत मिळतील. त्या दिवशी काय झालं? सगळे एकदम व्यवहार टाकायला लागले, गॅसचा (साखळीवरच्या व्यवहार-शुल्काचा) भाव कैक पटींनी चढला, बोली लावणाऱ्या बॉटांचे व्यवहार जुन्या गॅसदराने रांगेत अडकले. ज्या थोड्यांचे शिरले त्यांनी शून्य बोली लावली आणि १० मिनिटांत दुसरं कुणी न आल्यामुळे सगळं तारण फुकट नेलं. अशा शून्य बोलींनी गेलेलं ईथर सुमारे ८० लाख डॉलरचं होतं.

आणि मॅक्रोवाल्यांसाठी मेवा: त्या दिवशी डाय पडला नाही, डॉलरच्या वर गेला! तिजोऱ्या वाचवायला सगळ्यांना डाय हवा होता. कर्ज फेडायच्या धांदलीत पैशाचीच टंचाई. अर्व्हिंग फिशरने १९३३मध्ये कर्ज-अपस्फीती म्हणून मांडलेली गोष्ट.

#१३ काटकसर

हे पटलं. फिशर न वाचलेला विद्यार्थी इथे 'डायची मागणी वाढली, म्हणजे लोकांचा विश्वास वाढला' असं लिहून येतो. पण आधी लिलाव समजला म्हणूनच फिशर समजला, हे माझं म्हणणं मी सोडत नाही.

#१४ निवांत

कोणी प्रत्यक्ष पैसे टाकून 'शिकणार' असेल तर कर बघून घ्या. आभासी डिजिटल मालमत्तेवरच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२पासून ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. १ जुलै २०२२पासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस. एका टोकनमधला तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वजा होत नाही. डीफायमधली एक अदलाबदल म्हणजे एक हस्तांतरण. दिवसाला दहा अदलाबदली करून 'सराव' करणाऱ्याचा मार्चअखेर सी.ए.कडे कसा सराव होतो ते विचारू नका.

#१५ मुळाक्षर (धागाकर्ता)

निवांत, म्हणूनच विचारतो, खरे पैसे न टाकता प्रयोग कसे करावेत? चाचणी-साखळीवर (सरावासाठीच्या लुटुपुटीच्या ब्लॉकचेनवर)?

#१६ तिसरा_मजला

चाचणी-साखळी (उदा. सेपोलिया) कॉन्ट्रॅक्ट (साखळीवरचा प्रोग्रॅम) चढवायला शिकण्यापुरती ठीक. अर्थशास्त्रासाठी निरुपयोगी, कारण तिथल्या कुंडांत खरी तरलता नसते आणि भाव मनाचे असतात. शिवाय फुकट ईथर देणारे बरेच 'नळ' मुख्य साखळीवर थोडं खरं ईथर दाखवल्याशिवाय थेंब सोडत नाहीत.

त्यापेक्षा फाउंड्री हा कॉन्ट्रॅक्ट लिहिण्या-तपासण्याचा साधनसंच उतरवून घ्या. त्यातलं अँव्हिल मुख्य साखळीची प्रत तुमच्या लॅपटॉपवर उभी करतं. १० खाती मिळतात, प्रत्येकात १०,००० लुटुपुटीचे ईथर. कुंडं, तिजोऱ्या, दर सगळं खरं, व्यवहार मात्र तुमच्या घरातच. कुणाच्याही पत्त्याचं सोंग घेऊन त्याच्या वतीने व्यवहार करता येतो, त्यामुळे मोठा ठेवीदार निघून गेला तर दर कुठे जातो हे वजाबाकींच्या आलेखावर थेट बघता येतं. १२ मार्च २०२० हवा असेल तर त्या दिवसाचा ब्लॉक क्रमांक इथरस्कॅनवर (साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) शोधून तिथून प्रत काढा; मात्र जुन्या ब्लॉकसाठी संग्रह-नोडची (साखळीची सगळी जुनी स्थिती साठवणाऱ्या संगणकाची) जोडणी लागते, साध्या नोडवर 'स्थिती उपलब्ध नाही' अशा अर्थाची चूक येते.

ठरलेले खड्डे सांगून ठेवतो:

दशांश. यूएसडीसीला ६ स्थानं, डायला १८. दोन्हींना १८ने भागणाऱ्याला यूएसडीसीची शिल्लक शून्याला चिकटलेली दिसते. बहुतेकांचा पहिला आठवडा इथेच जातो.

भागाकार. सॉलिडिटीत (कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या भाषेत) पूर्णांकच, ५ भागिले २ म्हणजे २. आधी गुणा, मग भागा.

मंजुरी. टोकन खर्च करायला आधी कॉन्ट्रॅक्टला परवानगी द्यावी लागते, तो वेगळा व्यवहार असतो. तो विसरला की पुढचा व्यवहार रद्द होतो, आणि संदेशात कारण असेलच असं नाही.

व्याज. मेकर आणि आवे दर १० च्या २७व्या घातात साठवतात. मेकरमध्ये व्याज सेकंदाला चक्रवाढ. वर्षाचे सेकंद ३,१५,३६,०००. साध्या व्याजाने हिशेब केला तर १९.५ टक्क्यांसारख्या दराला चांगलाच फरक पडतो.

वेळ. साखळीवरचे शिक्के जागतिक प्रमाणवेळेत. भारतीय वेळेतल्या बातमीशी जोडताना साडेपाच तास विसरलात तर कारण परिणामानंतर येतं.

#१७ सांजवात

'कारण परिणामानंतर येतं.' म्हणजे पीएच.डी. पक्की.

#१८ मुंगीची_चाल

टेरावर (यूएसटी हे डॉलरला बांधलेलं टोकन काढणाऱ्या साखळीवर) कोणीच लिहिलं नाही? तो तर मॅक्रोच्या वर्गातला सगळ्यात सोपा धडा. हाँगकाँगमध्ये १९८३पासून ७.८० हा दर आहे (आता ७.७५ ते ७.८५चा पट्टा), आणि चलनामागे तेवढे खरे अमेरिकी डॉलर आहेत. टेराच्या यूएसटीमागे होता लुना, म्हणजे स्वतःचाच समभाग म्हणा. १ यूएसटी जाळा, १ डॉलरचा लुना घ्या. यूएसटी ९५ सेंटला आला की लोक तो जाळून लुना घेणार आणि विकणार, लुना पडणार, मग पुढच्या एका डॉलरसाठी आणखी जास्त लुना छापावा लागणार. मे २०२२मध्ये काही दिवसांत लुनाचा पुरवठा सुमारे ३५ कोटींवरून ६.५ लाख कोटींवर गेला. बिटकॉइनचा काही साठा बाजूला होता, तो वेळ काढण्यापुरता पुरला.

आणि ही यूएसटी लोक धरून का होते? अँकरमध्ये (टेरावरच्या ठेवींच्या प्रोटोकॉलमध्ये) १९-२० टक्के व्याज मिळत होतं म्हणून. ते व्याज कर्जदारांकडून पुरेसं येत नव्हतं, तूट राखीव निधीतून भरली जात होती. अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा: या व्याजाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे?

#१९ खडूफळा

मुंगीची_चाल, बरोबर. आणि #७मध्ये जी किंमत म्हणालो ती हीच, फक्त उलट्या बाजूने. करन्सी बोर्ड झालात की ज्याचा साठा त्याचं दुखणं तुमचं.

१० मार्च २०२३, शुक्रवार. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली. यूएसडीसीच्या साधारण ४००० कोटी डॉलरच्या राखीव निधीतले ३३० कोटी तिथे अडकल्याचं रात्री जाहीर झालं. म्हणजे ८ टक्के. सगळे बुडाले असते तरी किंमत ९२ सेंट राहायला हवी होती; शनिवारी यूएसडीसी ८८ सेंटच्याही खाली जाऊन आला. कारण शनिवार-रविवार बँका बंद, पार सांभाळणारी खिडकी बंद. साखळी २४ तास चालू आणि तिचं तारण सोमवार ते शुक्रवार! मेकरची खिडकी मात्र उघडी, तिथे यूएसडीसीला पूर्ण डॉलरचा भाव. लोकांनी पडका यूएसडीसी आत टाकून डाय उचलला आणि डायही त्याच्यामागोमाग घसरला. मेकरने शुल्क वाढवून आणि मर्यादा घालून खिडकी अर्धी लोटून घेतली.

सुटका कशी झाली? रविवारी संध्याकाळी अमेरिकी कोषागार, फेडरल रिझर्व्ह आणि ठेव विमा महामंडळ यांनी संयुक्तपणे सांगितलं, त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी पूर्ण मिळतील. सोमवारी यूएसडीसी जागेवर. विकेंद्रित पैशाचा अंतिम त्राता वॉशिंग्टनमध्ये बसलेला निघाला. मेहरलिंग पैशाची उतरंड म्हणतात ती ही. उतरंडीत डाय यूएसडीसीच्या वर, यूएसडीसी बँकठेवीच्या वर, बँकठेव फेडच्या वर. तळचं मडकं हललं की वरची वाजतात.

#२० रोखठोक

#६ मागे घेतो.

#२१ पोथीनिष्ठ

श्रेयांकांचं कोणी बोललं नाही म्हणून. एनपीटीईएलचा खरगपूरचा कोर्स १२ आठवड्यांचा, शिकायला फुकट, परीक्षा शुल्क १००० रुपये, परीक्षा केंद्रावर जाऊन. गृहपाठाला २५, परीक्षेला ७५. प्रमाणपत्राला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० दोन्ही लागतात. यूजीसीच्या २०२१च्या नियमांप्रमाणे स्वयंमवरचे कोर्स (एनपीटीईएलचे त्यात येतात) कार्यक्रमाच्या ४० टक्क्यांपर्यंत धरता येतात, पण तुमच्या विभागाने तो कोर्स सत्राआधी मान्य केलेला हवा. निकाल हातात घेऊन गेलात तर शिक्का मिळत नाही.

मात्र तो संगणकशास्त्राचा कोर्स आहे. सहमती, हायपरलेजर फॅब्रिक वगैरे. डीफायचं अर्थशास्त्र त्यात शोधू नका. गेन्सलरांचा उत्तम, पण २०१८च्या शरदातला. युनिस्वॅप त्याच नोव्हेंबरात जन्मलं, म्हणजे आवे-कंपाउंडचा बहर त्यात येणं शक्यच नाही. पैसा आणि नियमन यासाठी बघा. वक्ते पुढे सेकचे (अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाचे) अध्यक्ष झाले आणि याच क्षेत्राच्या मागे लागले, त्यामुळे प्रश्नोत्तरं आता वेगळीच वाटतात. बर्कलीचा सगळ्यात खोल. डॉन साँग, डॅन बोने यांच्यासारखी मंडळी शिकवतात. कोड वाचता येत नसेल तर मध्यावर धाप लागते.

#२२ चिंचपेटी

ई-रुपयाचं (रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल चलनाचं) काय? १ डिसेंबर २०२२ला किरकोळ चाचणी सुरू झाली त्यात मुंबई पहिल्या चार शहरांत होती. त्यावर व्याज का नाही?

#२३ वजाबाकी

व्याज दिलं तर लोक बँकेतली ठेव काढून थेट रिझर्व्ह बँकेच्या देण्यात ठेवतील, बँकांचा स्वस्त ठेवींचा पाया सरकेल. संकटात तर एका बोटाने झुंबड. तो रोख नोटेचा भाऊ आहे, ठेवीचा नाही. वेगळा धागा काढा ताई, इथे वाहून जाईल.

#२४ मुळाक्षर (धागाकर्ता)

मंडळी, भरपूर मिळालं. खडूफळा आणि काटकसर, तुमच्यातला वाद मिटला नाही, पण क्रम तर लावायचाय!

#२५ काटकसर

पहिले २ आठवडे: कागदावर युनिस्वॅप, मेकर, आवे, वर जे आकडे आहेत तेवढेच. मग खडूफळांच्या ताब्यात जा.

#२६ खडूफळा

चालेल. ३ ते १२ मेहरलिंग, प्रत्येक व्याख्यानानंतर एका प्रोटोकॉलचा ताळेबंद. सोबत कुठल्याही मॅक्रो पाठ्यपुस्तकातली खुल्या अर्थव्यवस्थेची दोन प्रकरणं. १३ ते १८ ड्यूक, दीडपट वेगाने चालेल. १९ ते २६ बर्कलीतली निवडक व्याख्यानं आणि तिसरा_मजला यांची प्रयोगशाळा. गेन्सलर प्रवासात.

#२७ मुळाक्षर (धागाकर्ता)

#१२ मधल्या तिजोरीचा ताळेबंद मांडलाय, तपासा.

तिजोरीवाला: मालमत्ता २००० डॉलरचं ईथर + १००० डाय; देणी १०००; निव्वळ २०००.
मेकर: मालमत्ता २००० डॉलरचं ईथर + १००० कर्ज, देणी १००० डाय, निव्वळ २०००.

#२८ वजाबाकी

ईथर दोनदा धरलंत. तारण म्हणजे मालकी नव्हे, ते तिजोरीवाल्याच्याच बाजूला. मेकरकडे कर्ज १०००, समोर डाय १०००, निव्वळ शून्य. लिलाव नीट झाला तर दंडाचे १३० मेकरच्या शिलकीत जमा. शून्य बोलीत कर्जाची ओळ खोडली जाते, डाय १००० लोकांच्या हातात तसेच राहतात, तूट १०००. ती भरायला मेकरने एमकेआर टोकन छापून विकले, म्हणजे भागधारकांचा वाटा पातळ केला. तिसरा ताळेबंद एमकेआरवाल्यांचा मांडा, त्यात ती तूट उतरते का बघा.